राजाचं नाव नाही, सुइणींची आहेत

आयुष्यात मी एकाच बाईचा मनापासून हेवा केला, आणि तिला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. ठमाबाई तिचं नाव. वैनगंगेकाठची ढिवर बाई. नवरा मासे मारायचा, ही जाळी विणायची आणि आसपासच्या सगळ्या गावांतली बाळंतपणं करायची. मी मुंबईच्या इस्पितळात शिकून, परीक्षा देऊन, पांढरं लुगडं आणि छातीवर बिल्ला लावून तिथे नेमणुकीवर गेले होते. आणि मला पहिलं बोलावणं आलं ते शेळीसाठी.

खरं सांगते. भर दुपारी एक शेतकरी घामाघूम होऊन दारात आला. "नरसबाई, शेळी अडली जी, चला बरं लवकर."

मी म्हटलं, "अहो, मी बायकांची बाळंतपणं करते."

तो मला समजावून सांगावं तसं म्हणाला, "बायकाईसाठी ठमाबाई हाय नं."

गेले. करते काय? दोन करडं निघाली, दोन्ही जगली. महिनाभर तो माणूस बाजारात सांगत होता की नव्या नरसबाईचा हात शेळीला फार चांगला आहे. संपादकांनी नोकरीतले गमतीदार अनुभव मागितलेत, त्यांच्यासाठी हा एवढा. पुढचं गमतीदार नाही, पण लिहायचं राहून गेलेलं तेच आहे.

काळ पन्नासच्या दशकातला. आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात येऊ घातला होता. गडचिरोली तेव्हा वेगळी झालेली नव्हती. माझं केंद्र म्हणजे मार्कंड्याच्या देवळापासून पायी जाता येईल अशा एका गावात दोन खोल्या, एक लोखंडी खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीवर बाळाला अंघोळ घालणाऱ्या गोऱ्या बाईचं चित्र. माझी जात कोणती, हा गावापुढे मोठाच प्रश्न होता. मी बेने इस्राएल, कोकणातली यहुदी. आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणत. हे सांगितल्यावर पाटलीणबाईंचा चेहरा खुलला. "म्हंजे तेलीच नं! मंग एवढं आढंवेढं काऊन?" त्या दिवसापासून मी गावाची तेलीण झाले. जवसाचं तेल खवट झालंय की नाही, हे हुंगून घ्यायला लोक माझ्याकडे येत. बाळंतपणाला मात्र कोणी येत नसे.

सुइणीचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तसं नसतं. लोकांना वाटतं, सुईण मूल ओढून काढते. मूल आपलं आपण येतं. सुईण वाट बघते, आणि वाट बघताना हात कुठे ठेवायचा आणि कुठे ठेवायचा नाही, एवढंच तिला कळावं लागतं. मला ते शिकवलं होतं. पोटावर बोटं ठेवून महिने मोजायचे, लाकडी नळी कानाला लावून ठोके ऐकायचे, कात्री आणि दोरा वीस मिनिटं उकळायचा. ठमाबाईला कोणी काही शिकवलं नव्हतं. ती तंबाखूचा बार भरून पडवीत बसायची, आतल्या बाईचं कण्हणं ऐकायची आणि म्हणायची, "अजून बसा. चहा ठेवा." मी एकदा हट्टाने गेले, नळी लावली, मोजमाप केलं आणि ऐटीत सांगितलं की आज काही होत नाही. ठमाबाईने त्या बाईच्या कमरेवर नुसता तळवा ठेवला. "चुलीवरचा भात उतराच्या आंधी होते," म्हणाली. भात उतरायच्या आधी झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परत येताना शेतातल्या बांधावर बसून मी रडले, आणि ते रडणं थकव्याचं नव्हतं.

तिचे हात रुंद, काळे, जाळ्याच्या सुताने चिरलेले. माझे हात मऊ आणि स्वच्छ. बायका तिचे हात डोळ्यांना लावायच्या, आणि माझ्या हातातलं काय घ्यायच्या? तर दुधाची भुकटी. केंद्रात परदेशी भुकटीचे डबे यायचे. गरोदर बायकांनी मंगळवारी यायचं, नाव सांगायचं, कितवा महिना ते सांगायचं आणि भुकटी न्यायची, असा नियम होता. बायका यायच्या. दूध घ्यायच्या, नाव सांगायच्या, आणि बाळंत व्हायला ठमाबाईला बोलवायच्या. ठमाबाईसाहेबसुद्धा मंगळवारी यायच्या. दुधासाठी नव्हे. खांबाला टेकून मजा बघत बसायच्या.

श्रावणात एका मंगळवारी धो धो पाऊस लागला. बायका अडकून पडल्या. कोणीतरी म्हटलं, "नरसबाई, तुमच्या देवाची काही गोष्ट सांगा." मी वाटच बघत होते.

माझे वडील आमच्या प्रार्थनामंदिराच्या अंगणात पेटी-तबल्यावर कीर्तन करायचे. त्यांचं हातखंडा आख्यान म्हणजे आमचा पुढारी मोशे याचा जन्म. मूळ ग्रंथात तो जन्म चार ओळींत उरकलाय. पण आमच्या जुन्या रब्बींना तेवढ्यावर चैन पडेना. शेकडो वर्षं त्यांनी त्या चार ओळींभोवती गोष्टी रचल्या. त्या सगळ्या वडिलांनी बाळबोध अक्षरात एका वहीत उतरवून ठेवल्या होत्या, आणि नोकरीला निघताना ती वही त्यांनी माझ्या ट्रंकेत घातली होती. मी वही उघडली. मनात हिशेब साधा होता. त्या आख्यानात राजाला न भिणाऱ्या दोन सुइणी आहेत. बायकांना कळू दे, सुईण म्हणजे कोण असते ते.

सांगितलं. मिसर देशाचा राजा आमच्या लोकांना गुलाम करून ठेवतो. त्याला भीती वाटते की यांच्यात कोणी पुढारी जन्मेल. म्हणून सुइणींना हुकूम देतो, मुलगा झाला की जागच्या जागी मारा. शिफ्रा आणि पुआ अशा दोन सुइणी. एक बाळाला धुऊनपुसून सरळ करायची, दुसरी त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन फुंकर घालायची, गुणगुणायची. त्यांनी राजाला धडधडीत खोटं सांगितलं. आमच्या बायका फार दणकट, आम्ही पोचायच्या आधीच मोकळ्या होतात, म्हणाल्या. बायका खळाळून हसल्या. मग सांगितलं की मोशेच्या बापाने भिऊन बायकोला सोडून दिलं. मुलं जन्मालाच नकोत म्हणे. तेव्हा त्याची पाच वर्षांची मुलगी त्याला म्हणाली, "बाबा, राजा फक्त मुलगे मारतो. तुम्ही तर मुलींनाही जन्मू देत नाही." बाप खाली मान घालून गेला आणि बायकोशी वाजतगाजत पुन्हा लग्न लावलं.

"अन् राजाची मानसं?" ठमाबाईने खांबापासून विचारलं. तिने बार थुंकून टाकला होता, म्हणजे ती नीट ऐकत होती.

"ती लग्नापासून महिने मोजत होती. नऊ भरले की येऊन बाळ उचलायचं. पण बाईला लग्नाच्या वेळीच तीन महिने गेलेले होते. मोजणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या हिशेबाने सहाव्यातच मूल झालं, घरात सगळीकडे उजेड पडला, आणि पुढचे तीन महिने आईने त्याला लपवून वाढवलं."

"तीन महिने," ठमाबाई म्हणाली. "हुशार होती."

शेवटी मी वडिलांचं आवडतं वाक्य म्हटलं. ते कीर्तनात इथे पेटी-तबला थांबवायचे. या गोष्टीत राजाचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, पण दोन्ही सुइणींची नावं लिहिलेली आहेत.

बायका कौतुकाने वळल्या आणि सगळ्याजणी ठमाबाईकडे बघायला लागल्या. एकीने तिच्या पायाला हात लावला. मी वही मिटली. गोष्ट माझी, वही माझ्या बापाची, दूध माझ्या केंद्राचं, आणि पाया तिच्या पडतात! इतकं पोटात दुखलं की त्या संध्याकाळी मी जेवले नाही.

आता पारबताबद्दल सांगते. सोमा ढिवराची बायको, विशीतली, कमी बोलणारी. तिची तीन मुलं गेली होती. तिन्ही धडधाकट जन्मली, तिन्ही सातव्या-आठव्या दिवशी गेली. गाव म्हणायचं, सटवीने नेली. मी विचारपूस केली तेव्हा तिने सांगितलं की बाळ आधी दूध ओढेनासं होतं, मग जबडा मिटतो, मग अंग धनुष्यासारखं ताठतं. मला तिथल्या तिथे कळलं. धनुर्वात. नाळ शेतातल्या विळ्याने कापायची आणि वर चुलीतली राख दाबायची, ही तिथली रीत. नाळ कापायची कोण? ठमाबाई.

हे मला कळलं तेव्हा मला काय वाटलं? मी भुकटीचे डबे रचत होते, आणि मनात आलं, सापडली. तीन लेकरं गेलेल्या बाईसमोर बसून मला हे वाटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन ठमाबाईला शांतपणे समजावायला हवं होतं. गेले नाही. तिच्याकडे शिकवायला जायचं म्हणजे आधी तिच्या पडवीत बसायचं, आणि ते माझ्याने होईना. योग्य वेळ येईल तेव्हा चारचौघांत तिला गप्प करीन, असं मी ठरवून ठेवलं.

ती वेळ दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी आली. पारबता दुधाला आली होती. ठमाबाईनेच तिला आणली होती. मी रीतीप्रमाणे विचारलं, कितवा? उत्तर ठमाबाईने दिलं, "चवथा."

मी पारबताला खाटेवर घेतलं. लुगड्यावरूनच हात लावला आणि मला कळलं. नळी लावायचीसुद्धा गरज नव्हती. दाराबाहेर वीस-पंचवीस बायका. मी मोठ्याने म्हटलं, "चौथा? अहो ठमाबाई, हा सातवा आहे! एवढी वर्षं बाळंतपणं करता आणि महिने मोजता येत नाहीत?" आणि सगळ्यांना दिसेल असं कार्डावर ठळक लिहिलं, सात.

कोणी हसलं नाही. पारबताने दोन्ही हातांनी पोट झाकलं. तिची सासू "अगं माय व" म्हणून भिंतीला टेकून खालीच बसली. बायका एकेक करून उठल्या, दूध न घेता निघून गेल्या. भुकटीचा उघडा डबा तसाच राहिला. मला काही समजलं नाही. मी मनात म्हटलं, बरी जिरली.

पुढच्या मंगळवारी कोणीच आलं नाही. त्याच्या पुढच्याही. तेव्हा मी ठमाबाईकडे गेले. ती अंगणात जाळं विणत होती. मला बसायला सांगितलं नाही. कमरेच्या गाठीतून तिने सुताचा एक तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. त्यावर सात गाठी होत्या.

"मोजा," ती म्हणाली. "मले मोजता येते."

मग तिने सांगितलं, आणि ते सांगणं मला जन्मभर पुरलं. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत तिचा खरा महिना बोलायचा नसतो. सटवी ऐकत असते. खरा आकडा एकट्या सुइणीकडे, सुताच्या गाठीत. लोकांना एखादा महिना कमी सांगायचा. पारबताच्या वेळी तिन्ही खेपा एक-एक महिना लपवून काही उपयोग झाला नव्हता.

"मंग पावसात तुमी थे गोष्ट सांगतली. तीन महिने लपवले म्हनून लेकरू वाचलं. म्या म्हटलं, आपनच कमी लपवत होतो. या खेपेले तीन लपवले, तुमच्या देवाच्या गोष्टीवानी." जाळ्यावरून नजर न उचलता ती म्हणाली, "अन् तुमीच गावात डंका पिटला. त्या गोष्टीत राजाचं मानूस असते नं, महिने मोजनारं? थे तुमीच होय, नरसबाई."

मी वडिलांच्या आख्यानात स्वतःला शिफ्रा समजत होते. या बाईने ते एकदाच ऐकलं होतं आणि ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. त्या क्षणी मी क्षमा मागायला हवी होती. पण हेवा माणसाला मूर्ख करतो. मला एवढंच कळलं की इथेही तीच जिंकली. आणि जपून ठेवलेला दगड मी काढला.

"सटवी वगैरे काही नसतं," मी म्हटलं. "तिची तिन्ही लेकरं तुमच्या विळ्याने मेली. तुमच्या राखेने."

सगळं सांगितलं, विळ्याला चिकटलेल्या मातीपासून मिटलेल्या जबड्यापर्यंत. तिचे हात थांबले.

"तिन्ही?"

"हो."

"सखूचा पोरगा? आठव्या दिवशी गेला थो?"

"जबडा मिटला होता का?"

"होव." मग तिने आणखी नावं घेतली, आयांची. एकेक नाव घ्यायची आणि माझ्याकडे बघायची, आणि मी मान हलवायची. एकही नाव ती विसरली नव्हती. शेवटी म्हणाली, "म्हंजे सटवी म्याच होय."

तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, तुमचा दोष नाही, एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं असतं तरी पुष्कळ होतं. निघालं नाही. मी जिंकले होते. घरी येऊन दार लावलं तेव्हा जिंकण्याचं काय करायचं ते मला कळेना.

पारबताला सासरच्यांनी गावातून हलवलं. हिवाळ्यात वैनगंगेचं पाणी उतरलं की मधल्या रेतीवर ढिवर लोक टरबुजं लावतात, तिथेच झोपड्या टाकून राहतात. डांगरवाडी म्हणतात त्याला. सोमाची वाडी पल्याडच्या रेतीवर होती. तिथे तिला ठेवलं आणि माझं नाव काढायचं नाही असं बजावलं. ठमाबाईनेही बोलावण्याला जाणं सोडलं. कंबर दुखते म्हणाली. म्हणून नाइलाजाने दोघी-तिघी माझ्याकडे आल्या, बाळंत झाल्या, बाळं सुखरूप घेऊन गेल्या. ज्यासाठी मी वर्षभर झुरत होते ते घडत होतं, आणि माझं लक्ष नदीकडे. मी बोटांवर दिवस मोजायची. आठवा सरला, नववा लागला.

माघात एके दिवशी सकाळी मी स्टोव्ह पेटवत होते. दारात ठमाबाई उभी. अंग उतरलेलं, पण लुगडं स्वच्छ धुतलेलं.

"चला," म्हणाली. "पारबताले कळा लागल्या. डोंगा उभा हाय." मग थोडं थांबून, "तुमची कैची उकळून घ्या. नाळ तुमी कापा. लेकरू मी घेतो. तुमाले येऊ द्याले सासूले पटवलं म्या, पन नाळेचं तिले सांगाचं नाई."

मी कात्री-दोरा उकळून घेतला आणि पिशवी भरली. डोंगा म्हणजे एका झाडाच्या खोडाची कोरलेली होडी. त्यात आम्ही समोरासमोर बसलो आणि पाणी ओलांडलं.

झोपडीत उजेड भरपूर होता, कुडाच्या फटींतून ऊन येत होतं. ठमाबाई पारबताच्या पाठीशी बसली. तिचा तळवा कमरेवर. मी वाट बघायला शिकले होते असं मला वाटत होतं, पण खरं वाट बघणं मी त्या दिवशी पाहिलं. मी दोनदा घाई केली आणि दोन्ही वेळा तिने नुसती मान हलवून मला थांबवलं. बाळ आलं ते निळसर, निपचित. मुलगा. मी पाय धरून उलटं करायला पुढे झाले, तोवर ठमाबाईने त्याचं तोंड बोटाने साफ केलं, आपलं तोंड त्याच्या तोंडाशी नेलं आणि हलकी हलकी फुंकर घातली. मध्ये मध्ये ती काहीतरी गुणगुणत होती. वडिलांच्या वहीतली पुआ माझ्या समोर बसली होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

बाळ रडलं. मी उकळलेल्या दोऱ्याने नाळ बांधली, उकळलेल्या कात्रीने कापली, उकळून वाळवलेलं फडकं लावलं. तेवढ्यात सासू वाटीत राख घेऊन आत आली. ठमाबाईने वाटी घेतली, सासूकडे पाठ केली, राख आपल्या ओच्यात ओतली आणि रिकामी वाटी परत दिली. "लावली," म्हणाली. सासू समाधानाने बाहेर गेली. राजाला खोटं सांगणाऱ्या त्या दोघी मला आठवल्या, आणि मी तोंडावर पदर धरला. ठमाबाईलाही हसू फुटलं. आम्ही दोघी हसलो, तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

ठमाबाई तिथेच राहिली. मी रोज डोंग्यातून जायची. सासू रोज राख आणायची आणि रोज ती ठमाबाईच्या ओच्यात जायची. तिने त्यात काय पणाला लावलं होतं ते बघा. बाळ गेलं असतं तर तिने राख लावली नाही म्हणून गेलं असं गावाने ठरवलं असतं, आणि तिला नंतर कोणी दारात उभं केलं नसतं. माझी फार तर बदली झाली असती. सातव्या दिवशी पोचले तर ठमाबाई बाळाच्या ओठांवर करंगळी टेकवून बसली होती. "ओढते," ती म्हणाली. "पाहा, ओढते." आठव्या दिवशी ओढलं. नवव्याही. दहाव्या दिवशी नाळ कोरडी होऊन गळून पडली.

बाराव्या दिवशी मार्कंड्याची जत्रा भरली होती. पल्याडच्या काठाने माणसांची रीघ लागलेली. त्या गावात रीत अशी, की लेकरं न जगणाऱ्या बाईचं मूल तिचं म्हणून ठेवायचं नाही. त्याला सुपात घालून बाहेर ठेवायचं. परक्या बाईने ते सापडलं म्हणून उचलायचं, मूठभर कोंडा देऊन विकत घ्यायचं, आणि मग आईच्या हवाली करायचं. हे माझं, तू नुसतं पोस. म्हणजे सटवीला वाटतं, हिचं तर काहीच नाही. परकी बाई कोण, हे सुईण ठरवते. जत्रेची इतकी माणसं जात होती. ठमाबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी."

नदीच्या कडेला ओल्या रेतीवर सूप. सुपात बाळ. मी पुढे झाले. राजाच्या मुलीला पाण्याकाठी पेटीत मोशे सापडला, आणि तिने तो दूध पाजायला नकळत त्याच्याच आईकडे दिला, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते माझ्या वाट्याला येईल असं कुठे वाटलं होतं. मी वाकले, उचललं, मुठीतला कोंडा सुपात टाकला.

"आता बोला," ठमाबाई म्हणाली.

"हे माझं लेकरू," मी म्हटलं. पुढचं वाक्य येईना. मी तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची. भावंडं जहाजाने इस्राएलला निघून गेलेली. बाळ माझ्या पांढऱ्या लुगड्यात तोंड खुपसत होतं. पारबता हात पुढे करून उभी होती आणि मला तिचा हेवा वाटला, इतका की मी अर्धं पाऊल मागे सरले. ठमाबाईने माझ्या कोपराला हात लावला, कमरेवर लावायची तसा तळवा. "द्या, माय," ती म्हणाली. तिने मला माय म्हटलं. मी बाळ दिलं. "तू नुसतं पोस," म्हटलं. नाव ठेवायचा मानही उचलणारीचा. मोशे म्हणावंसं वाटलं, पण चांगलं नाव सटवीला ऐकू जातं. मी कोंडू ठेवलं. सगळ्यांना पसंत पडलं.

यानंतर ठमाबाई विळा वापरेनाशी झाली. माझ्याकडून कात्री नेई, स्वतः उकळी, आणि मी तिच्या पडवीत बसायला शिकले. ती दर आठवड्याला मासळी आणायची. बिनखवल्याचा मासा आम्हाला चालत नाही हे एकदा सांगितलं होतं, तर प्रत्येक वेळी म्हणायची, "खवल्याचीच पाहून आनली जी." इथे थांबले असते तर लेख गोड झाला असता.

पण माझ्या केंद्रात एक रजिस्टर होतं. प्रत्येक बाळंतपणाची एक ओळ, आणि शेवटचा रकाना सुइणीच्या नावाचा. रकाना चांगला रुंद होता, दोन नावं सहज मावली असती. पारबताचं बाळंतपण करून डोंग्यातून परत आले त्याच दिवशी मी ती ओळ भरली. पारबता, मुलगा, आई-बाळ सुखरूप. सुईण या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. दौत समोर होती, वेळ होता, कोणी बघत नव्हतं. लेखणी उचलली आणि खाली ठेवली. शिकलेल्या सुइणीचं नाव लिहायचं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. तपासणीला आलेल्या साहेबांनी ती ओळ वाचली, अवघड केस म्हणून शाबासकी दिली, आणि त्यावर मला मोठ्या गावी बदली मिळाली.

निघायच्या दिवशी ठमाबाई मासळी घेऊन आली. सामान बांधलेलं होतं, रजिस्टर टेबलावर होतं. ती म्हणाली, "तुमच्या बापाच्या वहीत राजाचं नाव नाई, पन त्या दोघीचे हायेत, असं तुमी सांगतलं होतं."

"हो."

"कोंडूचं तुमी लिवलं असन नं, तुमच्या या वहीत? माह्यं नाव हाय त्यात?"

"आहे," मी म्हटलं.

"मंग वाचून दाखवा बरं."

मी रजिस्टर उघडलं, ती ओळ काढली आणि मोठ्याने वाचलं. पारबता, मुलगा, आई-बाळ सुखरूप, सुईण ठमाबाई. माझं नाव मी घेतलंच नाही, जणू तेवढ्याने फिटणार होतं. ती जवळ आली. पदराला हात पुसून म्हणाली, "कोनतं होय माह्यं?"

मी दाखवलं. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. "चांगलं दिसते," म्हणाली. तिच्या बोटाखाली माझं नाव होतं.